मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे व्यवस्थापन

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे व्यवस्थापन म्हणजे मोठ्या उद्योगाने आपल्या संगणकप्रणालींतील मुक्तस्रोत घटकांची नोंद ठेवणे, त्यांच्या परवान्यांतील अटी पाळणे आणि त्यांतील सुरक्षादोष वेळीच दुरुस्त करणे होय. ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता व पुन्हा वितरित करता येते, त्यास मुक्तस्रोत म्हणतात. लिनक्स हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण.

नोंदीचा प्रश्न

विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची मागणीपत्र, देयक व लेखापरीक्षण यांतून आपोआप नोंद होते. मुक्तस्रोत घटक मात्र अभियंता आंतरजालावरून क्षणार्धात उतरवून घेतो. पैसा जात नाही, म्हणून कागदही होत नाही. शिवाय एका घटकाच्या पोटात दुसरे अनेक घटक असतात. त्यामुळे आपण नेमके काय वापरतो, हे पुष्कळदा खुद्द कंपनीलाच ठाऊक नसते.

याची किंमत २०१७ मध्ये दिसून आली. अपाची स्ट्रट्स या घटकातील गंभीर दोष त्या वर्षीच्या मार्चमध्ये जाहीर झाला. दुरुस्तीही उपलब्ध होती. इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीने दुरुस्तीची सूचना अंतर्गत प्रसृत केली, परंतु प्राप्तकर्त्यांची यादी जुनी असल्याने ती संबंधितांपर्यंत पोहोचली नाही. नंतरच्या तपासणीतही सदोष प्रणाली सापडली नाही. मे ते जुलै या काळात सुमारे १४.७ कोटी लोकांची खासगी माहिती चोरीस गेली. दोष सॉफ्टवेअरमध्ये होता हे खरे. पण हानी झाली ती नोंदीच्या ढिलाईमुळे.

परवाने

मुक्तस्रोत म्हणजे अटीविना, हा समज चुकीचा आहे. एमआयटी परवान्यात मुख्यतः स्वामित्वहक्काची सूचना व परवान्याचा मजकूर कायम ठेवावा लागतो. जीपीएल परवान्याचे सॉफ्टवेअर इतरांना वितरित केल्यास मूळ आज्ञावलीही उपलब्ध करून द्यावी लागते. केवळ अंतर्गत वापरास हे बंधन नाही. लिंक्सिस ही कंपनी सिस्कोने २००३ मध्ये विकत घेतली. तिच्या उपकरणांतील जीपीएल घटकांवरून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने डिसेंबर २००८ मध्ये सिस्कोवर दावा लावला. मे २००९ मध्ये तडजोड झाली आणि परवानापालनासाठी स्वतंत्र संचालक नेमण्याचे सिस्कोने मान्य केले.

उपाययोजना

अनेक कंपन्यांत यासाठी स्वतंत्र कक्ष असतो. गूगलमध्ये तो २००४ पासून आहे. परवानापालनाच्या कार्यपद्धतीसाठी २०२० मध्ये आयएसओ/आयईसी ५२३० हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. प्रत्येक सॉफ्टवेअरसोबत त्याच्या घटकांची यादी ठेवण्याच्या पद्धतीस ‘सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स’ म्हणतात. औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये छापतात, तसाच हा प्रकार. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या घटकातील दोष उघड झाला, तेव्हा तो आपल्याकडे कोठे कोठे आहे हे शोधण्यातच असंख्य संस्थांचा वेळ गेला. भारतात सर्ट-इन या शासकीय संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा याद्यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.