लेपटीचा साठा कसा मोजतात?
कोकण किनाऱ्यावर लेप किंवा लेपटी म्हणून विकली जाणारी चपटी मासळी, जिचे दोन्ही डोळे वाढीच्या काळात शरीराच्या एकाच बाजूला येतात, समुद्रतळाला चिकटून राहत असल्याने तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यात सहज सापडते. पण या जाळ्याचा रोख बहुधा कोळंबीवर असल्यामुळे लेपटीची घट उशिराच ध्यानात येते. पाण्याखालचे मासे थेट मोजता येत नाहीत, म्हणून १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेसारख्या संस्था बंदरांवर उतरणाऱ्या मासळीचे नमुने घेऊन त्यांची लांबी नोंदवतात आणि तीवरून वाढीचा वेग व एकूण मृत्युदर काढतात. त्या मृत्युदरातील मासेमारीचा वाटा म्हणजे ‘शोषण गुणोत्तर’; ते ०.५ च्या वर गेले, की साठ्यावर अतिरिक्त ताण आहे असे मानण्याचा प्रघात आहे, जो अर्थात ढोबळच म्हणायला हवा. साठा मोजण्याच्या या शास्त्राचा पाया मत्स्यशास्त्रज्ञ बेव्हर्टन आणि होल्ट यांनी १९५७ च्या ग्रंथात प्रामुख्याने उत्तर समुद्रातील प्लेस या चपट्या माशाच्याच आधारे घातला. दुसऱ्या महायुद्धात तेथील मासेमारी बव्हंशी थांबली आणि प्लेसचा साठा वाढला. मासेमारीचा साठ्यावर काय परिणाम होतो हे दाखवणारा, कोणत्याही संशोधकाला मुद्दाम घडवून आणता आला नसता, असाच हा प्रयोग होता.