विश्लेषण : संवाद पुटपुटल्यासारखे, स्फोट मात्र कानठळ्या बसवणारे… होम थिएटरचे सेटिंग चुकते कुठे?

सिनेमा सुरू होतो. पात्रे हळू आवाजात काहीतरी बोलतात, ते कळत नाही म्हणून रिमोटने आवाज वाढवला जातो. पुढच्याच मिनिटाला पडद्यावर गाडी उडते, तावदाने थरथरतात, आतल्या खोलीतून ‘अरे, आवाज!’ अशी हाक येते आणि पुन्हा रिमोटची शोधाशोध सुरू होते. चांगली रक्कम मोजून रिसीव्हर आणि ५.१ स्पीकरचा संच घेतलेल्या अनेक घरांत हे रोज घडते.

मग घरातले कोणीतरी रिसीव्हरच्या मेन्यूत शिरते आणि इक्वलायझरच्या पट्ट्या वरखाली करते. बेस वाढवला जातो, ट्रेबल वाढवला जातो. थोडा वेळ बरे वाटते, संवाद मात्र आणखी बुडतात. इक्वलायझर हे या मेन्यूत सर्वांत शेवटी हात लावायचे सेटिंग आहे. त्याआधी काय करायचे, आणि का?

संवाद हरवतात का?

चित्रपटाचा ध्वनी मुळात मोठ्या, शांत सभागृहासाठी बांधलेला असतो. तिथे पंख्याची घरघर नसते, मिक्सर नसतो, कुकरच्या शिट्ट्या नसतात, त्यामुळे कुजबुजही पोहोचते. घरी पाहण्यासाठी तयार होणाऱ्या ध्वनीतही हा चढउतार बराच शिल्लक राहतो. नेटफ्लिक्स निर्मात्यांना जी तांत्रिक अट घालते, तिच्यात संवादांची सरासरी पातळी उणे २७ च्या आसपास, तर आवाजाचे सर्वोच्च टोक उणे २ डेसिबलपर्यंत, असे आकडे आहेत. म्हणजे साधे बोलणे आणि स्फोट यांत २५ डेसिबलपर्यंत अंतर पडू शकते. डेसिबलचे गणित पटीत चालते. १० डेसिबल म्हणजे दहापट शक्ती, २० म्हणजे शंभरपट. २५ डेसिबलला हा आकडा तीनशेपटीच्या वर जातो. रिमोट हातातून सुटत नाही तो यामुळे.

दुसरे कारण आपल्या कानात आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की आवाज जितका हळू, तितके खालचे सूर कानाला कमी ऐकू येतात. म्हणूनच कमी आवाजात सगळे पातळ, फिके वाटते आणि हात आपसूक बेसकडे जातो. पण बोलण्यातला अर्थ बेसमध्ये नसतो. शब्दाचा जोर स्वरांत असतो, ते बहुतांशी १००० हर्ट्झच्या खाली असतात. ‘सात’ की ‘साठ’, ‘पाट’ की ‘पाठ’ हे सांगणारी व्यंजने साधारण २००० ते ८००० हर्ट्झच्या पट्ट्यात असतात. वय वाढते तसे ऐकू येणे कमी होते ते आधी याच वरच्या पट्ट्यात. ‘आवाज येतो, पण काय बोलतात ते कळत नाही’ ही घरातल्या ज्येष्ठांची तक्रार अगदी शब्दशः खरी असते. (टीव्हीच नव्हे, जेवणाच्या टेबलावरचे बोलणेही निसटत असेल तर रिसीव्हर सोडून आधी श्रवणचाचणी करून घ्यावी.)

सुरुवात रिसीव्हरपासून नको

आधी टीव्ही पाहा. त्याच्या साउंड मेन्यूत ‘डिजिटल आउटपुट’ हा पर्याय ‘पीसीएम’वर असेल, तर अनेक टीव्ही रिसीव्हरला फक्त डावी-उजवी अशा दोनच वाहिन्या पाठवतात. संवादांसाठी असलेल्या मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरला स्वतःचे असे काही मिळतच नाही. तिथे ‘बिटस्ट्रीम’, ‘पास-थ्रू’ किंवा ‘ऑटो’ निवडायचे. ॲपमध्ये भाषा निवडताना ५.१ लिहिलेला पर्याय असेल तर तोच घ्यायचा. रिसीव्हरच्या पट्टीवर ‘डॉल्बी’ किंवा ‘डीटीएस’ची अक्षरे उमटली, की बहुधा सहा वाहिन्या वेगवेगळ्या पोहोचत आहेत असे समजावे.

मग पाहायचा तो ‘साउंड मोड’. ‘मल्टी चॅनल स्टिरिओ’ नावाचा पर्याय सगळ्या स्पीकरांतून तेच ते वाजवतो. वाढदिवसाला ठीक, सिनेमाला नाही. जुना मराठी चित्रपट किंवा केबलवरची मालिका दोन वाहिन्यांचीच असते. तिच्यासाठी ‘डॉल्बी सराउंड’ हा मोड निवडला, की दोन्ही बाजूंना सारखा येणारा आवाज, म्हणजे बहुधा संवादच, मधल्या स्पीकरकडे वळतो.

आणि तो मधला स्पीकर असतो कुठे? बहुतेक घरांत टीव्ही युनिटच्या खणात, आत सरकवलेला, समोर एखादी शोभेची बाहुली. त्याचे तोंड खणाच्या काठापर्यंत पुढे ओढा आणि पुढच्या बाजूखाली रबराचा तुकडा ठेवून ते कानांच्या दिशेने वळवा. याला पैसे लागत नाहीत आणि याने पडणारा फरक कोणत्याही पट्टीने पडत नाही.

‘स्मॉल’ म्हटले की अपमान वाटतो…

स्पीकर सेटअपमध्ये रिसीव्हर विचारतो, तुमचे स्पीकर ‘लार्ज’ की ‘स्मॉल’? माणूस स्पीकरच्या किमतीकडे पाहून अभिमानाने ‘लार्ज’ निवडतो. प्रश्न आकाराचा नसतोच. खालचे सूर या स्पीकरने स्वतः वाजवायचे की सब-वूफरकडे सोपवायचे, एवढाच त्याचा अर्थ. सब-वूफर घरात असेल तर जवळजवळ नेहमी ‘स्मॉल’ हेच योग्य. कुठल्या सुराखाली सोपवायचे त्या सीमेला क्रॉसओव्हर म्हणतात. ८० हर्ट्झ ही रुळलेली सीमा आहे. मुठीएवढे स्पीकर असतील तर १०० किंवा १२०. खोल गडगडाटाचे ओझे उतरले की मधला स्पीकर संवाद मोकळेपणाने वाजवतो. सब-वूफरच्या पाठीमागे क्रॉसओव्हरचे स्वतःचे बटण असेल तर ते पूर्ण वर किंवा ‘एलएफई’वर ठेवावे, नाहीतर एकाच सुरावर दोनदा कात्री चालते.

मायक्रोफोनची ती दहा मिनिटे

बहुतेक रिसीव्हरसोबत खोक्यात एक छोटा मायक्रोफोन येतो आणि तो खोक्यातच राहतो. डेनॉन, मरांट्झमध्ये या स्वयंचलित मोजणीला ‘ऑडिसी’ म्हणतात, यामाहात ‘वायपाओ’, ऑन्क्योत ‘ॲक्यूईक्यू’. काही महागड्या मॉडेलांत ‘डिरॅक’ असते. काम एकच. रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून आवाज सोडतो आणि तो तुमच्या जागेपर्यंत केव्हा, किती जोराने आणि कसा पोहोचला ते मोजतो.

प्रस्तुत लेखकाच्या घरी संच बसवायला आलेल्या तरुणाने हा मायक्रोफोन सोफ्याच्या गादीवर ठेवला, पंखा चालूच ठेवला आणि मोजणी चालू असताना फोनवर पुढच्या ग्राहकाचा पत्ता विचारत राहिला. नंतर दोन महिने आम्ही स्पीकरला नावे ठेवत होतो. मायक्रोफोन कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडवर, बसल्यावर कान असतात त्या उंचीवर हवा. पहिली मोजणी नेहमीच्या मधल्या जागेवर, पुढच्या मोजण्या आजूबाजूला थोड्या अंतरावर. पंखा, एसी बंद. माणसे गप्प किंवा खोलीबाहेर.

मोजणी झाल्यावर आकडे वाचावेत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर. उजवा स्पीकर डाव्यापेक्षा ७० सेंटीमीटर जवळ असेल तर त्याचा आवाज दोन मिलिसेकंद आधी येतो आणि सगळे उजवीकडूनच आल्याचा भास होतो. रिसीव्हर जवळच्या स्पीकरला तेवढे थांबवतो. इथे एक गंमत असते. सब-वूफर आठ फुटांवर असताना रिसीव्हर बारा-तेरा फूट दाखवतो. ही चूक नसते. सब-वूफरमधल्या सर्किटमुळे होणारा उशीर त्याने अंतरात धरलेला असतो. टेप घेऊन तो आकडा ‘दुरुस्त’ करू नये. ‘लार्ज-स्मॉल’ची निवड मात्र पुन्हा तपासावी, कारण मोजणी ती कधीकधी परस्पर बदलते.

एवढे झाल्यावर संवादांसाठी एकच बदल करावा. ‘चॅनल लेव्हल’मध्ये जाऊन सेंटरची पातळी २ ते ३ डेसिबलने वाढवावी. माझ्या मते निम्म्याहून अधिक घरांचा प्रश्न इथेच मिटतो.

मग इक्वलायझर कधी?

तरीही मधल्या स्पीकरचा आवाज माठातून आल्यासारखा घुमत असेल किंवा ‘स’, ‘श’ कानाला टोचत असतील, तेव्हा. काही रिसीव्हरमध्ये, उदाहरणार्थ डेनॉन आणि मरांट्झमध्ये, हाताने चालवायचे ग्राफिक इक्वलायझर वापरायचे तर ऑडिसीची दुरुस्ती बंद करावी लागते. म्हणजे मायक्रोफोनने केलेले काम सोडून द्यावे लागते. हा सौदा परवडतो का, ते आधी ठरवावे.

पट्ट्या वाचणे अवघड नाही. डेनॉनच्या इक्वलायझरमध्ये नऊ असतात, ६३ हर्ट्झपासून दुप्पट-दुप्पट होत १६ हजारांपर्यंत. ६३ आणि १२५ मध्ये ढोल, स्फोट. २५० मध्ये घुमणे. ५०० ते १००० मध्ये आवाजाचा देह. २००० आणि ४००० मध्ये स्पष्टता, ८००० मध्ये सकाराची धार. टेपरेकॉर्डरच्या काळापासून आपल्याला दोन्ही टोके वर आणि मधला भाग खाली अशी हसऱ्या तोंडासारखी रचना आवडते. गाण्याला ती चमक देते, पण माणसाचे बोलणे नेमके त्या खाली दाबलेल्या मधल्या भागात असते.

म्हणून वाढवण्याआधी कमी करून पाहावे. फक्त सेंटर स्पीकर निवडून २५० ची पट्टी २-३ डेसिबल खाली घ्यावी. बहुधा संवाद तेवढ्याने उघडे होतात. कमी पडले तर २००० किंवा ४००० ची पट्टी १-२ डेसिबल वर. त्यापलीकडे गेले की बातम्यांतला निवेदक पत्र्याच्या डब्यातून बोलू लागतो. वाढवण्याला किंमतही असते. ३ डेसिबलला दुप्पट शक्ती लागते, ६ ला चौपट. रिसीव्हरचा दम संपला की आवाज फाटतो, आणि फाटलेल्या आवाजाने नाजूक ट्वीटर जळू शकतो.

तुलना करताना तोच दोन मिनिटांचा प्रसंग, त्याच आवाजात ऐकावा. किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो, त्यामुळे फसगत होते.

बेसचा एक प्रश्न इक्वलायझरने सुटत नाही. समोरासमोरच्या दोन भिंतींत १२ फुटांचे अंतर असेल तर सुमारे ४७ हर्ट्झचा सूर त्या भिंतींमध्ये अडकतो. भिंतीजवळ तो फुगतो, मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. फुगवटा पट्टी खाली ओढून कमी करता येतो. खड्डा मात्र भरता येत नाही, कारण जितका आवाज वाढवाल तितकाच परतून तो खोडला जातो. तिथे सोफा किंवा सब-वूफर फूट-दोन फूट हलवणे हाच उपाय. सब-वूफरची जागा शोधण्याची एक हास्यास्पद पण खात्रीची रीत आहे. सब-वूफर सोफ्यावर आपल्या जागी ठेवायचा, बेसचे गाणे लावायचे आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचे. जिथे बेस एकसारखा ऐकू येतो, तिथे सब-वूफर ठेवायचा. घरात कोणी नसताना करावे.

रात्री दहानंतर

‘डॉल्बी’ म्हटले की महाराष्ट्रात मिरवणुकीतली स्पीकरची भिंतच आठवते. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये सुरू केलेल्या कंपनीचे पहिले नाव झाले ते टेपवरची खरखर कमी करण्याच्या तंत्रासाठी, हा त्यातला विनोद. त्याच कंपनीच्या ध्वनिपद्धतीत घरगुती शांततेची सोयही आहे. ‘नाइट मोड’, ‘डायनॅमिक रेंज’, ‘ॲडॅप्टिव्ह डीआरसी’, ‘डायनॅमिक व्हॉल्यूम’ अशा वेगवेगळ्या नावांनी ती किंवा तिच्यासारखी सोय मेन्यूत असते. हळू आवाज वर आणि मोठा आवाज खाली ओढून ती मधले अंतर कमी करते. दर्दी लोक नाके मुरडतात. मुले झोपलेली असताना ती खुशाल चालू करावी. नावात साम्य असलेले ‘डायनॅमिक ईक्यू’ वेगळे. ते कमी आवाजात बेस वाढवते, म्हणून रात्री बंदच बरे.

शेजाऱ्यांपर्यंत संवाद जात नाहीत, बेस जातो. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटरच्या आसपास असते, विटांची भिंत तिला फारशी अडवत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर त्याहून ५ डेसिबलपेक्षा अधिक वर जाता कामा नये. फ्लॅटमध्ये ती हद्द म्हणजे सोफ्यामागची भिंत. रात्री सब-वूफरची पातळी ८-१० डेसिबल खाली आणली आणि त्याखाली जाड रबराची चटई घातली, तर खालच्या मजल्यावरून फोन येण्याची शक्यता बरीच कमी होते.

हे सगळे जमून आले की मेन्यूच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. रिसीव्हर कधी अडकला आणि ‘फॅक्टरी रिसेट’ करावा लागला, तर अंतरे, पातळ्या, क्रॉसओव्हर सगळे पुसले जाते. मायक्रोफोनही जपून ठेवा, आणि मॉडेलचा क्रमांक त्याच्या डबीवर लिहा. एका कंपनीचा मायक्रोफोन दुसऱ्याच्या रिसीव्हरला चालत नाही.