‘परवडत नाही’ म्हणजे नक्की कोणाला? हेलिकॉप्टरच्या सुरक्षेचं अर्थशास्त्र

विषयाचं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल, हेलिकॉप्टरचा आणि आपला काय संबंध? मुंबईकरांसाठी तरी हा संबंध जवळचा आहे. जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरं उडतात आणि अरबी समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर असलेल्या मुंबई हायकडे जातात. १९७४ मध्ये तिथे तेल सापडलं. तेव्हापासून ओएनजीसीचे इंजिनिअर, तंत्रज्ञ, कंत्राटी कामगार असे कितीतरी लोक आपल्या पाळीसाठी हेलिकॉप्टरने रिगवर जात-येत आहेत. आपल्यासाठी जशी लोकल, तसं त्यांच्यासाठी हेलिकॉप्टर. ती चैन नाही, कामावर जायची सोय आहे.

या वाटेवर अपघातही झाले आहेत. ऑगस्ट २००३ मध्ये २७ जण गेले. नोव्हेंबर २०१५ मध्ये रात्रीच्या सरावाच्या उड्डाणात दोन वैमानिक गेले. जानेवारी २०१८ मध्ये हेलिकॉप्टरमधले सातही जण, त्यांत ओएनजीसीचे पाच अधिकारी, दगावले. जून २०२२ मध्ये हेलिकॉप्टर रिगजवळ समुद्रात उतरलं, तेव्हा नऊपैकी चार जणांचा मृत्यू झाला.

प्रत्येक अपघातानंतर आपण विचारतो, चूक कोणाची? तो प्रश्न चौकशी समितीवर सोडू. आज आपण वेगळा प्रश्न घेऊ. धोका कमी करणारी बरीच साधनं बाजारात आधीपासून असतात, मग ती वेळेवर बसत का नाहीत? याचं ठरलेलं उत्तर आहे, ‘परवडत नाही’. हे उत्तर खोटं असतं असं आम्ही म्हणत नाही. पण ते अर्धवट असतं. कोणाला परवडत नाही, हे त्यात सांगितलेलंच नसतं.

हेलिकॉप्टर वेगळं कशामुळे?

आधी थोडं यंत्र समजून घेऊ. विमानाचा पंख जागेवर घट्ट बसवलेला असतो. हेलिकॉप्टरचा पंखच फिरत असतो. इंजिन खूप वेगाने फिरतं, वरचा रोटर त्या मानाने सावकाश फिरतो आणि या दोघांच्या मध्ये मुख्य गिअरबॉक्स असतो. इंजिन बंद पडलं तरी वैमानिकाला एक संधी असते. खाली येताना वारा रोटरला फिरवत ठेवतो आणि त्या जोरावर मशीन उतरवता येतं. दोन इंजिनं असतील तर दुसरं चालू असतं. पण मुख्य गिअरबॉक्स एकच. तो तुटला, तर दुसरा पर्याय नाही.

६ नोव्हेंबर १९८६ रोजी उत्तर समुद्रात हेच झालं. तेलक्षेत्रातून शेटलंड बेटांवरच्या सम्बरा विमानतळाकडे येणाऱ्या चिनूक हेलिकॉप्टरच्या पुढच्या गिअरबॉक्समधलं एक दातेरी चाक धातूच्या थकव्याने तुटलं. पुढच्या आणि मागच्या रोटरची लय बिघडली, पाती एकमेकांवर आदळली. ४७ पैकी ४५ जण गेले.

आता जुना गिरणीवाला आठवा. पट्टा, बेअरिंग, जातं, कुठे काय बिघडतंय हे त्याला आवाजावरून कळतं. दातेरी चाकाला तडा जाऊ लागला की त्याची कंपनं बदलतात. माणसाच्या कानाला तो फरक कळत नाही, पण सेन्सरला बऱ्याचदा कळतो. याच तत्त्वावर ‘हेल्थ अँड युसेज मॉनिटरिंग सिस्टीम’, थोडक्यात ‘हम्स’, तयार झाली. गिअरबॉक्सवर, शाफ्टवर सेन्सर बसवायचे, प्रत्येक उड्डाणाची कंपनं नोंदवायची आणि जमिनीवर ती तपासायची.

फळ्यावरचा हिशेब

आता फळ्याकडे बघा. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या कंपनीचे नाहीत.

समजा, एका कंपनीकडे १० हेलिकॉप्टरं आहेत आणि प्रत्येक वर्षाला १,००० तास उडतं. म्हणजे दहा वर्षांत एक लाख तास. समजा, एक लाख तासांत एक मोठा अपघात होतो. आपल्या कंपनीच्या वाट्याला दहा वर्षांत एक अपघात आला. आता एक साधन आहे, दर हेलिकॉप्टरला एक कोटी, एकूण खर्च १० कोटी. ते बसवलं तर अपघाताची शक्यता एक चतुर्थांशाने कमी होते.

कंपनीची वही उघडू. हेलिकॉप्टर ८० कोटींचं आहे, पण त्याचा विमा आहे. अपघात झाला तर कंपनीच्या खिशातून समजा ८ कोटी जातील: वाढलेला हप्ता, वकील, काही दिवस बंद पडलेलं काम. त्याचा चतुर्थांश, म्हणजे २ कोटी. १० कोटी खर्चून २ कोटी वाचवायचे? हिशेबनीस म्हणेल, परवडत नाही. त्याच्या वहीपुरतं त्याचं बरोबर आहे.

आता सगळ्यांची मिळून एक वही करू. हेलिकॉप्टर ८० कोटी, कारण विमा कंपनीने भरले तरी पैसे गेलेच. रिगवरचं काम खोळंबलं, ते १५ कोटी. सात माणसं गेली. माणशी ५ कोटी धरले तर ३५ कोटी. एकूण १३० कोटी. त्याचा चतुर्थांश साडेबत्तीस कोटी. १० कोटींच्या खर्चापुढे साडेबत्तीस कोटींचा फायदा.

साधन तेच, अपघात तोच. एका वहीत ते तोट्यात जातं, दुसऱ्या वहीत तिपटीहून अधिक फायद्यात. खर्च एकाच्या खात्यात पडतो आणि फायदा भलत्यांच्याच खात्यात जमा होतो. विमा कंपनी, ओएनजीसीसारखा ग्राहक आणि सगळ्यांत आधी प्रवासी व त्याच्या घरचे लोक हे त्या फायद्याचे धनी.

माणसाची किंमत ५ कोटी?

हा आकडा ऐकून काही जण अस्वस्थ झाले असतील. व्हायलाच हवं. पण त्याचा अर्थ नीट समजून घेऊ. अमुक एका माणसाचा जीव विकत घ्यायचा भाव हा नाही. समजा, एक लाख लोक आहेत आणि प्रत्येकाचा मृत्यूचा धोका एक लाखात एकने कमी करायचा आहे. त्यासाठी प्रत्येक जण ५०० रुपये द्यायला तयार आहे. एकूण जमले ५ कोटी, आणि सरासरीने एक जीव वाचला. कोणाचा, ते कोणालाच माहीत नाही. अर्थशास्त्रज्ञ याला सांख्यिकी जीवनमूल्य म्हणतात. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०१३ मध्ये हे मूल्य ९१ लाख डॉलर धरायला सांगितलं होतं. सुरक्षेचा नवा नियम आणताना तिथे हे गणित कागदावर मांडावं लागतं.

आकडा लिहिणं कठोर वाटतं. पण आकडा लिहिला नाही, तर हिशेबात त्या रकान्यात शून्य धरलं जातं. हे जास्त कठोर आहे.

दोन वह्या एक कशा करायच्या?

उत्तर समुद्रात हे बऱ्याच अंशी जमलं. १९९१ पासून तिथल्या हेलिकॉप्टरांवर हम्स बसू लागलं. तेल कंपन्या हे मोठे ग्राहक होते, त्यांनी मागितलं तर हेलिकॉप्टर कंपनीला द्यावंच लागतं. १९९९ मध्ये ब्रिटिश नियामकाने मोठ्या प्रवासी हेलिकॉप्टरांना ते सक्तीचं केलं. सक्तीचा एक फायदा लक्षात घ्या. साधन न बसवता स्वस्तात टेंडर भरणाऱ्यापुढे बसवणारा हरत नाही. शिवाय देखभालीतही उपयोग झाला. रोटरचा तोल साधायला हीच कंपनांची माहिती कामी येते, बिघाड लवकर कळला तर दुरुस्ती आधी ठरवता येते.

यंत्रावर आंधळा विश्वास मात्र नको. एप्रिल २००९ मध्ये स्कॉटलंडजवळ सुपर प्युमा कोसळलं, १६ जण गेले. आठवडाभर आधी गिअरबॉक्सच्या तेलात धातूचा कण सापडला होता. पण संवादात गोंधळ झाला आणि गिअरबॉक्सचा तो भाग उघडून पाहिला गेला नाही. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेत तुरॉय इथे १३ जण गेले, तिथे हम्सने इशारा दिलाच नाही. म्हणजे साधनाबरोबर ते वाचणारी माणसं, त्यांचं प्रशिक्षण आणि पुढच्या संशोधनाचा खर्चही धरावा लागतो.

तुरॉयनंतर आणखी एक गोष्ट घडली. त्या जातीच्या हेलिकॉप्टरवरची बंदी ब्रिटन आणि नॉर्वेने जुलै २०१७ मध्ये उठवली. तरी नॉर्वेच्या स्टॅटऑइल या तेल कंपनीने ते पुन्हा वापरणार नाही असं सांगितलं. कागदावर परवानगी होती, ग्राहक नव्हता. विश्वास गेला की कोट्यवधींचं मशीन उभं राहतं, हासुद्धा हिशेबातलाच आकडा आहे.

आता नियम अर्धवट केला तर काय होतं ते पाहू. आपटल्यावर न फुटणाऱ्या इंधन टाकीचा नियम अमेरिकेने १९९४ मध्ये केला, पण तो फक्त नव्याने मान्यता घेणाऱ्या मॉडेलना लागू होता. जुन्या मान्यतेवर नवीकोरी हेलिकॉप्टरं जुन्याच टाक्या घेऊन बाहेर पडत राहिली. जुलै २०१५ मध्ये कोलोरॅडोत एक रुग्णसेवेचं हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच कोसळलं आणि पेटलं. वैमानिक दगावला. भयंकर भाजलेल्या एका परिचारकाला पुढे १० कोटी डॉलर देऊन तडजोड झाली. २०१८ च्या कायद्याने मग एप्रिल २०२० पासून बनणाऱ्या सगळ्या हेलिकॉप्टरांना अशी टाकी सक्तीची झाली. मधे २६ वर्षं गेली.

जिथे ग्राहक एकटा असतो

समुद्रात एक मोठा ग्राहक आहे, तो करारात अटी घालू शकतो. केदारनाथला काय आहे? मंदिर साडेतीन हजार मीटरहून उंचावर आहे. हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद आणि रोटरची उचल दोन्ही कमी. दरी अरुंद, ढग मिनिटांत भरतात. आणि ग्राहक म्हणजे तिकीट काढलेला एकेक यात्रेकरू. त्याला हेलिकॉप्टरची देखभाल तपासता येत नाही, वैमानिकाचे तास विचारता येत नाहीत. १५ जून २०२५ रोजी गौरीकुंडजवळ सात जण गेले, त्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीचं एक कुटुंब होतं, लहान मुलीसह. त्याच्या महिनाभर आधी, ८ मे रोजी, उत्तरकाशीत सहा जण गेले होते.

या दरीत सगळ्यांत महत्त्वाचं सुरक्षासाधन कुठलं? वैमानिकाचं ‘नाही, आता उडायचं नाही’. आणि त्याचीही किंमत असते. उत्पन्न फेऱ्यांवर आहे, हंगाम थोडा आहे, खाली रांग उभी आहे. प्रत्येक ‘नाही’ म्हणजे बुडालेली फेरी. मुंबई हायसारख्या कामांत साधारणपणे एक ठरलेलं मासिक भाडं आणि वर उड्डाणाच्या तासांचा दर असतो. हवा वाईट म्हणून हेलिकॉप्टर उभं राहिलं तरी मासिक भाडं चालू राहतं. म्हणजे ‘नाही’ म्हणण्याचा बराचसा खर्च ग्राहकाने आधीच उचललेला असतो. यात्रेच्या सेवेत हे यात्रेकरू करू शकत नाही. तिथे सरकारलाच ग्राहकाच्या जागी उभं राहावं लागेल: फेऱ्यांची कमाल मर्यादा, हवामानाची स्वतंत्र नोंद, उड्डाण थांबवायचा अधिकार कंपनीबाहेरच्या माणसाकडे आणि थांबलेल्या दिवसांची ठरावीक भरपाई तिकिटातच धरलेली. तिकीट महाग होईल, हे खरं आहे. पण तो खर्च आजही कोणीतरी भरतंच आहे.

शेवटी, आपण काय विचारायचं?

पुढच्या वेळी सर्वांत कमी दराचं टेंडर मंजूर झाल्याची बातमी वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा. या दरात कुठली साधनं धरली आहेत? उड्डाण रद्द झालं तर नुकसान कोणाचं? आणि पाण्यात पडल्यावर बाहेर यायचं प्रशिक्षण प्रवाशांना किती वेळा मिळतं? हा तिसरा प्रश्न छोटा वाटेल. पण हेलिकॉप्टरचं वजन वरच्या बाजूला असतं, पाण्यात ते पटकन उलटतं आणि आत अडकलेला माणूस बुडून जातो. म्हणून २०१४ मध्ये ब्रिटिश नियामकाने आपत्कालीन श्वासोच्छ्वासाची साधनं, खिडकीजवळच बसण्याची अट आणि खवळलेल्या समुद्रावर उड्डाणबंदी असे नियम आणले. २०२२ मध्ये मुंबई हायला पाच जण वाचले, त्यामागे फ्लोट, जवळची रिग आणि मदतीला धावलेली बोट होती. या तिन्ही गोष्टींवर कोणीतरी आधी पैसे खर्च केले होते.

आता प्रश्न घेऊ.