रिलिफेन रॅलाथिल: रानएल्फांचा वृक्षदेव
'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाच्या फरगॉटन रेल्म्स नावाच्या काल्पनिक जगातला माझा सर्वांत लाडका देव! रानएल्फ त्याला प्रचंड ओकवृक्षाच्या रूपात पाहतात. त्याची मुळं जगातल्या प्रत्येक झाडाच्या मुळांत गुंतलेली असतात, अशी त्यांची श्रद्धा. म्हणूनच विनाकारण झाड तोडणं हा थेट देवावरचा घाव. त्याचे पुजारी मुख्यतः ड्रुइड, म्हणजे निसर्गपूजक. देवळापेक्षा ओकची जुनी राई त्यांना प्रिय. एरिक बॉयड यांच्या 1998च्या 'डेमीह्यूमन डेइटीज' पुस्तकात त्याचे दोन सण येतात. वसंतात पालवीचा, नाचगाण्याचा. शरदात पानं रंग बदलतात तेव्हा दुसरा. त्या वेळी देव भक्तांना दृष्टान्त देतो आणि काहींचं आयुष्यच वेगळ्या वाटेला लागतं. ड्रुइड खेळणाऱ्यांनी हा दुसरा सण आपल्या कथेत जरूर आणावा.