कोंबड्यांना मीलवर्म द्यायचे का?

आजचा प्रश्न भिवंडीचा आहे: परसातल्या गावठी कोंबड्यांना मीलवर्म चालतात का? चालतात की. कोंबडी तशीही दिवसभर उकिरडा उकरून किडेच शोधते. मीलवर्म म्हणजे पिठात होणाऱ्या एका भुंग्याची अळी. सुकवली की साधारण निम्मं प्रोटीनच. युरोपियन युनियनने 2021 मध्ये कोंबडीखाद्यात कीटकांचं प्रोटीन वापरायला परवानगीसुद्धा दिली.

खरी भानगड आहे ती अळी आली कुठून याची. भिवंडीत गोडाऊनना काय तोटा, त्यामुळे झाडलोटीतल्या फुकटच्या अळ्यांचा मोह होतो. त्या नकोच! साठवलेल्या धान्याला कीड लागू नये म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतात, त्यांची विषारी पूड त्या कचऱ्यात असू शकते. पोल्ट्रीच्या तुसात होणाऱ्या काळ्या भुंग्याच्या अळ्याही दिसायला तशाच, पण त्या साल्मोनेला पसरवू शकतात. घरीच डब्यात, गव्हाच्या कोंड्यावर आणि गाजराच्या तुकड्यांवर वाढवलेल्या सगळ्यात बऱ्या.

तेही चार कोंबड्यांत एक-दोन चमचे, खाऊ म्हणून. या अळीत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. पोट त्यावरच भरलं तर अंड्याचं कवच पातळ होतं. बाजूला शिंपल्यांचा चुरा ठेवा. हवा तेवढा कोंबडी स्वतःच टिपते.