शहराचे दिवाळे : डेट्रॉइटच्या जमाखर्चाचा धडा

व्यापाऱ्याचे दिवाळे निघाले म्हणजे दुकानाच्या फळ्या लागतात, वह्या न्यायालयात जातात आणि पेठेतील मंडळी चार दिवस हळहळून आपापल्या उद्योगास लागतात. परंतु एखाद्या शहराचेच दिवाळे निघाले तर काय होते? शहरास फळ्या लावता येत नाहीत. तेथे नळास पाणी यावेच लागते, रात्री दिवे लागावेच लागतात, आणि आग लागली तर बंब धावावाच लागतो. म्हणूनच अमेरिकेच्या दिवाळखोरीविषयक कायद्यात नगरपालिकांसाठी नववे प्रकरण निराळे ठेवलेले आहे. त्याचा आश्रय मिशिगन राज्यातील डेट्रॉइट शहराने १८ जुलै २०१३ रोजी घेतला. अंगावरील देणे सुमारे १,८०० कोटी डॉलरांचे होते. इतक्या मोठ्या रकमेचे नगरपालिकेचे दिवाळे त्या देशात पूर्वी कधी निघाले नव्हते.

हे शहर जन्मदरिद्री नव्हते, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. १९१३ साली हेन्री फोर्डने सरकत्या पट्ट्यावर मोटार जुळविण्याची पद्धत रूढ केली ती त्याच्या कुशीतील हायलंड पार्क येथे. १९५० च्या शिरगणतीत डेट्रॉइटची लोकसंख्या साडेअठरा लाखांवर पोहोचली होती. २०१० मध्ये ती अवघी ७,१३,७७७ उरली. साठ वर्षांत पाचांपैकी तिघे गेले. पण रस्ते, जलवाहिन्या आणि दिव्यांचे खांब मात्र पूर्वीइतकेच सांभाळावयाचे राहिले.

मोटारींचा धंदा बसला म्हणून शहर बुडाले, असे सरसकट सांगण्यात येते. ते निम्मेच खरे आहे. कारखाने व माणसे यांपैकी पुष्कळशी फार दूर गेली नाहीत. ती नगरपालिकेची हद्द ओलांडून शेजारच्या उपनगरांत स्थिरावली. शहराची हद्द १९२६ नंतर वाढली नाही. पुढे सरकारी हमीची गृहकर्जे आणि नवे रुंद महामार्ग यांनी गोऱ्या कुटुंबांना बाहेर घरे बांधणे सोपे करून दिले. कृष्णवर्णीयांना मात्र त्या कर्जांची व वसाहतींची दारे बहुधा बंदच होती. १९६७ च्या दंगलीत ४३ माणसे प्राणास मुकली आणि स्थलांतराचा वेग वाढला. शहर व उपनगरे यांच्या शाळा एकत्र करून वर्णभेद मिटविण्याची योजना सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये अमान्य केली. परिणामी संपत्ती हद्दीच्या एका बाजूस आणि जबाबदारी दुसऱ्या बाजूस, अशी वाटणी पक्की झाली. ही वाटणी बाजारातील तेजीमंदीने केलेली नव्हती; कायदे करणाऱ्यांच्या हातून झालेली होती.

उत्पन्न आटू लागले तेव्हा कारभाऱ्यांपुढे दोन मार्ग होते. खर्च आटोपता घ्यावा, किंवा कर वाढवावा. दोहोंनीही मते जातात. कर तर शक्य तितके वाढविलेच होते. १९६२ पासून शहराने रहिवाशांच्या मिळकतीवर स्वतःचा कर बसविला होता आणि जो कोणी मागे राहिला त्याच्यावरील ओझे वाढत गेले. तेव्हा तिसरा, सोयीचा मार्ग निघाला, आणि तो म्हणजे अभिवचनांचा. नोकरास आज पगारवाढ दिली तर रोजमेळात आजच खर्च पडतो. निवृत्तिवेतनाचे वचन दिले तर तो खर्च अशा वर्षी पडतो की जेव्हा वचन देणारा खुर्चीवर नसतो. गुंतवणुकीला बरकत आली त्या वर्षी निवृत्तांना एक जादा हप्ता वाटण्याचीही प्रथा पडली. वाईट वर्षांसाठी शिल्लक ठेवावी, हे कोणास सुचले नाही. २०१३ पर्यंत नोकरीत दहा हजारांहून कमी माणसे आणि निवृत्तिवेतन घेणारी सुमारे २१,००० अशी स्थिती झाली.

या ओढाताणीत २००५ साली एक व्यवहार झाला, तो प्रत्येक व्यापाऱ्याने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. निवृत्तिवेतन निधीतील तूट भरण्यासाठी महापौर क्वामे किल्पॅट्रिक यांच्या कारकिर्दीत शहराने सुमारे १४४ कोटी डॉलर उभे केले. राज्याच्या कायद्याने घातलेली कर्जाची मर्यादा आड येत होती, म्हणून कर्ज नगरपालिकेच्या नावे न घेता त्यासाठीच निर्माण केलेल्या संस्थांच्या नावे घेतले. शिवाय व्याजदर चढतील अशा समजुतीने मोठ्या पेढ्यांशी करार केले. २००८ च्या आर्थिक संकटात दर कोसळले आणि करार अंगाशी आले. २००९ मध्ये पेढ्यांचे समाधान करण्यासाठी जुगारगृहांवरील कराचे उत्पन्न, म्हणजे हाती येणारा सर्वांत खात्रीचा पैसा, तारण दिला गेला. किल्पॅट्रिक यांना पुढे भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यांसाठी शिक्षा झाली. पण हे कर्ज चोरून काढलेले नव्हते. नगरसभेने त्यास रीतसर संमती दिलेली होती. इकडे राज्य सरकारनेही २००० नंतर आपल्या तिजोरीचा ताळमेळ साधण्यासाठी नगरपालिकांना मिळणारा महसुलाचा हिस्सा कमी केला. वरचा सावकार आपली तूट खालच्यावर ढकलतो, तोच हा प्रकार.

आता परिणाम पाहू. पहिला फटका बसला तो मतदानाच्या अधिकारास. अडचणीतील शहरावर सर्वाधिकारी प्रशासक नेमण्याचा कायदा मिशिगनच्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये फेटाळला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने तशाच आशयाचा दुसरा कायदा केला आणि त्यास पैशांची तरतूद जोडून तो जनमताच्या कक्षेबाहेर नेला. मार्च २०१३ मध्ये राज्यपाल रिक स्नायडर यांनी केव्हिन ऑर या दिवाळखोरीच्या वकिलास प्रशासक नेमले. निवडून आलेले महापौर व नगरसभा नावापुरते राहिले. ज्यांनी कर्जे काढली ते मतांनी आले होते. ती फेडण्याचा निर्णय घेणारा मात्र कोणाच्याही मताने आला नव्हता.

दुसरा फटका बसला तो वृद्धांना. मिशिगनच्या राज्यघटनेत निवृत्तिवेतनास स्पष्ट संरक्षण आहे. तथापि ३ डिसेंबर २०१३ रोजी न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स यांनी निर्णय दिला की संघराज्याच्या दिवाळखोरी कायद्यापुढे हे संरक्षण टिकत नाही. धनकोंची दृष्टी शहराच्या कलासंग्रहालयावरही होती; दिएगो रिव्हेरा याची भित्तिचित्रे असलेले हे संग्रहालय शहराचे भूषण होय. शेवटी धर्मादाय संस्था, राज्य सरकार व संग्रहालयाचे हितचिंतक यांनी मिळून वीस वर्षांत ८१.६ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. त्यामुळे चित्रे वाचली आणि निवृत्तिवेतनातील कपात सौम्य झाली. तरीही सामान्य निवृत्तांचे वेतन ४.५ टक्के घटले, महागाईनुसार होणारी वाढ बंद झाली आणि वैद्यकीय खर्चाचा आधार बहुतांशी गेला. ज्याने तीस वर्षे रस्ते झाडले किंवा नळ दुरुस्त केले, त्या माणसास सत्तराव्या वर्षी नवी नोकरी कोण देणार?

१० डिसेंबर २०१४ रोजी शहर दिवाळखोरीतून बाहेर पडले. सुमारे ७०० कोटी डॉलरांचे ओझे उतरले होते. त्यानंतरचे चित्र सर्वस्वी काळे नाही. दिवाळ्याच्या वेळी शहरातील सुमारे चाळीस टक्के दिवे बंद होते; २०१६ अखेर नवे ६५,००० दिवे बसले. राज्याची देखरेख २०१८ मध्ये उठली, २०२४ मध्ये शहराची पत पुन्हा गुंतवणूकयोग्य श्रेणीत आली, आणि १९८८ पासून ओसाड पडलेले मध्यवर्ती रेल्वे स्थानक फोर्ड कंपनीने त्याच वर्षी नूतन रूपात उघडले.

यातून आपण व्यापारी मंडळींनी काय घ्यावे? आपल्याकडे जुन्या चालीप्रमाणे तोंडी दिलेला शब्दही खात्यावर मांडतात. कारण शब्द हेदेखील देणेच असते. डेट्रॉइटच्या कारभाऱ्यांनी शब्द दिले, पण ते नावे मांडले नाहीत. ते मांडले असते तर दर निवडणुकीस बाकी दिसली असती आणि मतदाराने जाब विचारला असता. बाकी झाकून ठेवणे हीच तेथील राजकारणाची मोठी सोय होती, आणि तीच शेवटी शहरास नडली.

आपल्या गावच्या नगरपालिकेचे अंदाजपत्रक दरवर्षी प्रसिद्ध होते. आपल्यापैकी कितीजण ते वाचतात? स्वतःच्या पेढीवर पै-पैचा ताळा घेणारा गृहस्थ नगराच्या वहीकडे पाठ फिरवितो, आणि नवीन योजनेची कोनशिला बसली की टाळ्या वाजवितो. पुढील सभेस त्याने एवढेच विचारावे : हे आज आपण देणार, की आपली नातवंडे? या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मिळेपर्यंत त्याने खाली बसू नये.