डंपरच्या स्टीअरिंगची परीक्षा

चंद्रपूर-वणीच्या बाजूस ज्या वाचकांचें जाणें झालें असेल त्यांनीं कोळशाच्या उघड्या खाणी दुरून तरी पाहिल्या असतील. खाणीच्या तळापासून वळणावळणाच्या चढावरून माती आणि कोळसा वाहून आणणारे डंपर तेथें रात्रंदिवस चालतात. शंभर टनी वर्गांतला डंपर भरला म्हणजे त्याचें एकूण वजन 150 टनांहून अधिक होतें, आणि त्यांतला सुमारें तृतीयांश भार पुढच्या दोन चाकांवर पडतो. एकेक चाकच माणसाहून उंच! असें चाक नुसत्या बाहुबळानें वळविणें भीमासहि साधलें नसतें. चालक मात्र तें एका हातानें वळवितो.

ही किमया तेलाच्या दाबाची. बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांस सारखाच पोंचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेंत घोकलेला असतो. त्याच नियमावर जोसेफ ब्रामा यानें 1795 सालीं आपल्या दाबयंत्राचें पेटंट घेतलें. डंपरांत पंप तेलास दाब देतो आणि सिलिंडरांतला दट्ट्या चाकास ढकलतो. दर चौरस सेंटिमीटरवर 200 किलोग्रॅम दाब धरला व सिलिंडरचा व्यास 12 सेंटिमीटर मानला, तर त्या एका दट्ट्यावर 22 टनांहून अधिक जोर येतो. हा जोर कोणत्या बाजूस आणि किती तेलानिशीं सोडावयाचा हें ठरविणारी ती स्टीअरिंगची झडप. तिच्या पोटांत बहुधा सहा दांत्यांची एक चांदणी सात खांचांच्या कड्यांत फिरत असते; हातांतलें चाक जितकें फिरवावें त्या मानानेंच तेल मोजून पुढें जातें. तेलाची वाट उघडणारा स्पूल आणि त्याभोंवतालची नळी यांमधील फट केसाच्या जाडीहून कितीतरी पटींनीं कमी असते. वाळूचा एक कण तेथें अडकला कीं चाक सोडल्यावरहि वळण थांबत नाहीं, आणि उताराच्या कडेवर याचा अर्थ काय होतो तें निराळें सांगावयास नको.

माझा भाचा अशा एका खाणीच्या वर्कशॉपमध्यें इंजिनियर आहे. मी त्याच्याकडे गेलों असतां एक डंपर परीक्षेसाठीं उभा होता. डावीकडे वळतांना तो जड लागतो, अशी चालकाची तक्रार. मला वाटलें, झडप बदलावी म्हणजे झालें. भाचा हंसला. “मामा, एका खाणींत असेंच केलें. दोन झडपा बदलल्या, जडपणा तसाच राहिला. शेवटीं दोष निघाला सिलिंडरच्या सीलमध्यें. आधीं परीक्षा, मग पाना.”

डंपर सपाट जागेवर, हौदा खालीं टेकवून, चाकांस अडण्या लावून उभा केलेला होता. पुढच्या चाकाच्या आणि सांगाड्याच्या मध्यें कोणींहि शिरावयाचें नाहीं, अशी सक्त ताकीद. तेथें सांपडलेला माणूस वांचत नाहीं. दाब उतरवून प्रेशर गेज जोडण्यांत आलें. मग इंजिन चालू करून तेल चांगलें तापूं दिलें, कारण थंड तेल दाट असतें आणि गळती लपवितें. यानंतर चालकानें चाक उजवीकडे पार शेवटपर्यंत नेऊन क्षणभर दाबून धरलें. कांटा 205 वर गेला. डावीकडे तसेंच केलें, तर 140 च्या पुढें हलेना. “पंप दोन्हीं बाजूंस एकच आहे,” भाचा म्हणाला, “तेव्हां पंप सुटला.” पुन्हां दाब उतरवून सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्या पोलादी टोप्यांनीं बंद केल्या, तरीहि डावीकडचा दाब वाढेना. सिलिंडरहि सुटले! दोष झडपेच्याच अंगास होता. डाव्या बाजूच्या रिलीफ व्हॉल्व्हच्या बैठकीवर एक बारीकसा कण रुतलेला सांपडला.

मध्यंतरीं एक होज ओलसर दिसली म्हणून मीं कुतूहलानें बोट पुढें केलें. “हात मागें!” असें भाचा इतक्या जोरानें ओरडला कीं मी दचकलोंच. सुईच्या टोंकाएवढ्या छिद्रांतून निघालेली तेलाची धार कातडी भेदून आंत शिरते. वर फक्त टोंचल्यासारखी खूण दिसते, दुखतहि फारसें नाहीं, आणि तत्काळ शस्त्रक्रिया न झाल्यास हात गमावण्याची पाळी येते. गळती पहावयाची ती पुठ्ठ्याचा तुकडा धरून. घरांतल्या वडीलधाऱ्याच्या हुशारीस तेथें कांहींच किंमत नव्हती!

झडप साफ करून बसविल्यावर कांटा दोन्हींकडे सारखा आला. मला वाटलें, काम संपलें; परंतु खरी परीक्षा पुढेंच होती. भर उतारावर इंजिन बंद पडलें तर पंपहि बंद पडतो. त्या वेळेसाठीं अ‍ॅक्युम्युलेटर नांवाचीं भक्कम नळकांडीं असतात. त्यांत नायट्रोजन वायू कोंडलेला असतो, आणि त्यानें दाबून धरलेलें तेल चाकें वळविण्याइतका जोर थोडा वेळ देऊं शकतें. नायट्रोजनच कां, असें मीं विचारलें. प्राणवायू दाबाखालीं तेलास भेटला तर स्फोट होतो, हें उत्तर. आणीबाणींतलें हें वळण कसें असावें याविषयीं आयएसओ 5010 या क्रमांकाचें आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. माझ्या मतें सगळ्या परीक्षेचा जीव येथें आहे, आणि घाईच्या पाळींत वगळली जाते ती बहुधा हीच; कारण डंपर त्यावांचूनहि चालतांना दिसतो.

इंजिन बंद झालें आणि वर्कशॉपमध्यें एकदम शांतता पसरली. चालकानें चाक फिरविलें. तीं अवजड चाकें निमूटपणें डावीकडे वळलीं, मग उजवीकडे, मग पुन्हां डावीकडे. गेजचा कांटा दर वळणास थोडाथोडा उतरत होता. फिटर आंकडे मोठ्यानें सांगत होता, भाचा ते वहींत उतरवून निर्मात्याच्या पुस्तकाशीं ताडून पहात होता. चालक खालीं उतरला, आंकडे त्यानें स्वतः वाचले, आणि मगच त्यांखालीं सही केली.